सिद्रामअण्णांची चिठ्ठी

सिद्रामअण्णा वायरीला नेहमी उलटा हात लावायचे. तापल्या लेकराच्या गळ्याला आई लावते तसा. गाडीचं काम पुरं झालं की ते इंजिन चालू करायला सांगायचे, सगळे दिवे लावायचे, भोंगा असेल तर तोही लावायचे, आणि स्वतः लाकडी स्टुलावर बसून कपबशीतला चहा फुंकत राहायचे. गिऱ्हाईक घाई करू लागलं तरी हलायचे नाहीत. अर्ध्या तासाने उठून वायरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांची मागची बाजू फिरवत जायचे. कुठे ऊब लागली तर सगळं परत सोडायचे. नाही लागली तर म्हणायचे, "आयतु." कानडीतलं 'झालं'.

एवढ्यावर संपत नसे. खिशातून वहीच्या कागदाची एक पट्टी निघायची. तिच्यावर ते तारीख लिहायचे, काय काम केलं ते लिहायचे, फ्यूज किती अँपिअरचा आहे ते लिहायचे, आणि खाली 'केले : सिद्राम'. त्याच्याही खाली एक ओळ रिकामी सोडायचे. मग ती चिठ्ठी फ्यूजच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवायचे. "उद्या दुसऱ्या कुणी हात लावला," रिकाम्या ओळीवर बोट ठेवून ते बजावायचे, "तर त्यानं हितं नाव लिव्हायचं. मगच झाकण लावायचं."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती लाजेने. विडी कामगार बायकांची आमची एक छोटी समिती होती आणि समितीची एक जुनी पिकअप. गाडी मीच चालवायचे. वसाहतीत जाऊन इंजिन बंद करायचं, गाडीच्याच बॅटरीवर भोंगा लावायचा आणि बोलायचं. सभा जोरात व्हायची. सभा संपली की गाडी चालू व्हायची नाही. मग ज्या बायकांना आत्ताच मूठ वळायला सांगितलं होतं, त्याच बायका पदर खोचून गाडीला धक्का मारायच्या. एकदा ठेकेदाराच्या गोदामासमोर हे झालं. तिथला माणूस ओट्यावरून ओरडला, "ताई, आदी गाडी चालू करा, मग क्रांती करा की!" सगळे हसले. धक्का मारणाऱ्या बायकासुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी सात रस्त्याजवळच्या अण्णांच्या टपरीवजा दुकानात उभी होते.

"अण्णा, गाडीच्या हौद्यात दुसरी बॅटरी बसवायचीय."

"कशाला?"

"भोंग्याला."

"किती येळ बोलता?"

"दोन तास."

त्यांनी चष्मा वर केला. "दोन तास? आन् लोकं थांबत्यात व्हय?"

"थांबतात."

"मग बसवू की," ते म्हणाले. "थांबणाऱ्या लोकांसाठी बसवू."

ते काम दोन दिवस चाललं आणि दोन्ही दिवस मी तिथेच होते. केबिनच्या पाठीला टेकून त्यांनी लोखंडी अँगलची चौकट ठोकली, खाली रबर घातलं, बॅटरी ठेवून पट्ट्याने आवळली आणि दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिली. पुढच्या बॅटरीपासून हौद्यापर्यंत जाड तांबडी वायर पाइपातून आणली. पत्र्याला भोक पाडलं तिथे आधी रबरी कडं बसवलं, कारण "पत्रा उंदरासारखा हाय, रोज थोडी थोडी वायर खातो." मध्ये एक रिले लावला. तो कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, "थोरली पुढं, धाकटी मागं. इंजन चालू असलं की दोगी एका ताटात जेवत्यात. बंद झालं की जिची तिची भाकरी. धाकटी बोलून बोलून उपाशी मेली तरी थोरलीच्या ताटात हात घालायचा न्हाय. मग गाडी चालू हुती, धक्का लागत न्हाय."

जाड वायरीच्या दोन्ही टोकांना त्यांनी फ्यूज लावला. एक जास्तीचा वाटला मला. "दोन्हीकडं बॅटरी हाय," ते म्हणाले. "आग दोन्हीकडनं येती." भोंग्याकडे जाणाऱ्या वायरीला धाकटीजवळ तिसरा फ्यूज, वेगळ्या डब्यात. त्या डब्याच्या झाकणाला चिठ्ठीशेजारी एक सुटा फ्यूजही चिकटवून दिला. "ह्यो उडला म्हंजी खराब झाला असं समजू नका. तो कायतरी सांगतोय. काय सांगतोय ते बगायचं, मगच दुसरा घालायचा. आन् भोंग्याशिवाय दुसरं कायबी जोडायचं असलं तर मला इचारायचं."

मी मान डोलावली. मान डोलावणं सोपं असतं.

माझे वडील पत्रकं लिहीत, छापत आणि वाटत. मी शाळेच्या पुस्तकाआधी पत्रकं वाचली. मला वाचता आलेला पहिला शब्द 'जाहीर' होता आणि दुसरा 'निषेध'. आमच्या घरात भाकरीखाली उरलेली पत्रकं असत आणि भाकरीच्या वाफेने त्यांची शाई भाकरीला लागे. त्यामुळे दुकानात बसल्या बसल्या मी पत्रकांचे गठ्ठे बांधत होते, यात मला विशेष काही वाटत नव्हतं. अण्णांना वाटलं. सुतळीला दोन पीळ, मग उलटा फासा, अशी माझी गाठ त्यांनी हातातलं काम थांबवून पाहिली.

"ही कुणी शिकवली?"

"बाबांनी. पक्की बसते, पण एका हाताने सुटते."

"परत दाकव बगू, अव्वा." त्या दिवसापासून मी 'अव्वा' झाले. कानडीत अव्वा म्हणजे आई, पण घरातल्या मुलीलाही लाडाने असं म्हणतात. दोनदा पाहून त्यांनी ती गाठ स्वतः बांधून बघितली आणि लहान मुलासारखे खूश झाले.

मग गठ्ठ्यातलं एक पत्रक काढून त्यांनी उभ्यानेच वाचलं, वरपासून खालपर्यंत, ओठ हलवत. "कुणी लिव्हलं?"

"मी."

"झक्कास लिव्हतीस. मग खाली 'एक हितचिंतक' का?"

"पत्रक एकाचं नसतं अण्णा. सगळ्यांचं असतं."

"बरं." ते परत कामाला लागले. जरा वेळाने मान न वळवता म्हणाले, "पण चुकलं तर मानसानं कुणाकडं जायचं?"

मला तो प्रश्न भाबडा वाटला. त्यावर मी त्यांना सामूहिक जबाबदारी समजावून सांगितली. त्यांनी ती ऐकूनही घेतली.

एका गोष्टीवरून मात्र माझं त्यांच्याशी भांडण होई. ठेकेदाराचे टेंपोही त्यांच्याकडेच येत. "तुम्ही त्यांच्या गाड्या का करता?" मी विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "वायरीला पक्ष न्हाय अव्वा. आग लागली तर डायवर जळतो. ठेकेदार घरी असतो." मला त्या शांतपणाचा राग आला. तो राग मी मनात ठेवून दिला. पुढे तो कामाला येणार होता.

त्यानंतर कितीतरी सभा झाल्या. गाडी एकदाही ढकलावी लागली नाही. मग ती मोठी सभा आली. प्रश्न छाटीचा होता. बायकांनी वळून आणलेल्या विड्यांतल्या मूठ मूठ विड्या खराब म्हणून बाजूला काढायच्या, त्यांना 'छाट' म्हणायचं आणि त्या ठेवूनही घ्यायच्या, ही तिथली रीत. वसाहतीच्या मैदानात दुपारी चारला सभा. सोलापूरचं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेरगावाहून एक मोठे वक्ते येणार होते आणि ते उन्हाने बेजार होतील म्हणून समितीने कूलर आणून गाडीच्या हौद्यात ठेवला. बायका मातीवर बसणार होत्या आणि पाहुण्यांना कूलर. यावर एखाद्या पत्रकात मी काय लिहिलं असतं ते मला माहीत आहे. त्या दिवशी मी काही लिहिलं नाही. एक छोटा इन्व्हर्टर मागून आणला, घरातल्या दिव्याची बारीक वायर घेतली, आणि तो मीच भोंग्याच्या वायरीला जोडला. अण्णांना विचारायला वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. सात रस्ता तिथून पंधरा मिनिटांवर होता.

वक्ते बोलायला उभे राहिले आणि भोंगा गेला. डबा उघडला, तर फ्यूज उडालेला. झाकणाला चिकटवलेला सुटा घातला. भोंगा आला, लगेच गेला. फ्यूज काय सांगत होता ते आता मला अक्षरशः दिसतं. कूलरचं लोखंडी पाऊल त्या बारीक वायरीवर होतं, वायर पत्र्यावर चेपत होती. खाली वाकून पाहिलं असतं तरी पुरलं असतं. पण मैदानात बायका कुजबुजू लागल्या होत्या, गोदामाच्या ओट्यावर तोच माणूस हसत उभा होता, आणि मला फक्त आवाज हवा होता. वायरीच्या तुकड्यातलं तांबं सोललं, फ्यूजच्या जागी दोन टोकांना आवळून बांधलं आणि झाकण लावलं. झाकण लावताना चिठ्ठी डोळ्यांसमोर आली. केले : सिद्राम. खाली रिकामी ओळ. पेन माझ्या केसांत खोचलेलं होतं.

टाळ्या पडल्या. वीसेक मिनिटांनी हौद्यातून धूर आला. बारीक वायर लाल झाली होती आणि ती पत्रकांच्या गठ्ठ्यांखालून गेली होती. गठ्ठ्यांनी पेट घेतला, मग ताडपत्रीने, मग अॅम्प्लिफायरने. बायका पोरं उचलून पळाल्या. माती टाकून आग विझवली. कुणाला काही झालं नाही, एवढं एक बरं. पण सभा मोडली ती मोडलीच.

कुणी बोलावलं नसताना दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले. समितीचे लोक गाडीभोवती उभे होते. अण्णांनी कुणाला काही न विचारता डबा उघडला. तो केबिनजवळ होता, त्याला आग लागली नव्हती. आतली तार काळी पडली होती, पण जागेवर होती. त्यांनी वाकून ती पाहिली आणि तिचं एक टोक बोटाने ओढलं. मग त्यांनी चिठ्ठी वाचली, जणू ती दुसऱ्याच कुणाची होती.

"ह्याला कोण हात लावलं हुतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण गाडी माझ्या ताब्यात असे.

"कुणीच नाही," मी म्हणाले.

अण्णांनी जळक्या वायरीला उलटा हात लावला. ती तर रात्रीच थंड झाली होती. हात पुसला, डबा चौकटीतून सोडवून माझ्या हातात दिला. "हे जपून ठिव," एवढंच म्हणाले आणि गेले. त्या दिवशी 'आयतु' म्हणाले नाहीत.

मी खरं का सांगितलं नाही? माझ्याकडे तेव्हा उत्तम कारणं होती. आपल्याच माणसाने आपली गाडी जाळली हे कळलं तर बायकांचा विश्वास उडेल. ठेकेदाराला आयतं कोलीत मिळेल. चळवळीचं नुकसान होईल. ही सगळी कारणं खरी होती आणि प्रत्येकाच्या मागे मी लपलेली होते. समितीला संध्याकाळपर्यंत पत्रक हवं होतं. मी लिहिलं. मथळा दिला, 'भोंगा कोणी जाळला?' त्यात एक वाक्य होतं : 'ज्या हातांनी ठेकेदाराच्या टेंपोची वायर जोडली, त्याच हातांनी आमच्या गाडीची जोडली. हा योगायोग समजावा काय?' नाव कुठेच नव्हतं. 'सात रस्त्यावरील एक वायरमन' एवढंच होतं, आणि सात रस्त्यावर ते पुरेसं होतं. खाली सही, 'कष्टकऱ्यांचा एक हितचिंतक'. इतकं सफाईदार पत्रक मी त्याआधी लिहिलं नव्हतं. वडील असते तर त्यांनी पाठ थोपटली असती, असंही मला तेव्हा वाटलं. आज वाटतं, त्यांनी आधी खाली वाकून कूलरचं पाऊल पाहिलं असतं.

कुणीतरी ते अण्णांच्या दुकानाच्या दाराच्या फळकुटावर खळ लावून चिकटवलं. रिक्षावाले यायचे थांबले. ठेकेदारानेही टेंपो दुसरीकडे न्यायला सुरुवात केली, कारण वादातला माणूस त्यालाही नको होता. मी दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागले. एकदा चुकून तिथून गेले तेव्हा अण्णा स्टुलावर बसले होते, समोर एकही गाडी नव्हती आणि हातात कपबशी होती. चहा फुंकत होते. त्यांनी मला पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी गिअर बदलला.

वर्षभराने नरसम्माने मला शुद्धीवर आणलं. नरसम्मा आमच्या समितीतली सगळ्यात जुनी विडी कामगार. माझ्याशी बोलतानाही तिची बोटं पानं कातरत असत. "तुझा तो अण्णा लेकीकडं गेला," ती म्हणाली. "अक्कलकोटच्या तिकडं. अंगात पाणी झालंय म्हणतेत. दुकान बंद केला."

"माझा अण्णा?"

"मग कुणाचा? तू लिवलेली ना ते कागद? माझं नातू वाचून दावला. मी म्हटली, हे आपल्या शारदाचं बोली हाय. बाकी कुणाला येतंय असं टोचायला?" तिने कात्री खाली ठेवली. "त्या मानसानं असं केला असंल, तुला खरंच वाटतंय काय?"

मी म्हणाले, "नाही." एवढा एक शब्द तोंडातून काढायला मला एक वर्ष लागलं होतं, आणि तोही अण्णांसमोर निघाला नव्हता.

मी माफीचं पत्रक लिहिलं आणि ते घेऊन त्या गावी गेले. अण्णांची लेक गौरव्वा दारातच भेटली. "तुमीच व्हय त्या?" तिने विचारलं. मी हो म्हणाले. तिने पाण्याचा तांब्या आणून दिला, पण बस म्हणाली नाही. अण्णा पडवीत खाटेवर होते. पाय सुजून थोराड झाले होते, चेहरा मात्र बारीक झाला होता.

"येनव्वा," ते म्हणाले. काय गं, असं. "गाडी कशी हाय?"

"अण्णा, ती तार मी बांधली होती."

"ठाव हाय."

"कधीपासून?"

"झाकण उगडल्यापासनं. दोन पीळ आन् उलटा फासा. तांब्याला कोण अशी गाठ मारतो? वायरमन नुसतं गुंडाळतो." ते हसले, मग त्यांना दम लागला. "एका हातानं सुटती म्हणालीस. खरंच सुटती की. बोटानं ओढली, सुटली."

"मग तिथेच का बोलला नाहीत? सगळे उभे होते."

"मी कसं बोलू? चिठ्ठीतली खालची वळ तुजी हुती. मी मोकळी ठिवली हुती."

दारातून गौरव्वा म्हणाली, "आमाला बी बोलू दिला न्हाई. मी म्हटलं, जाऊन इचारते तिला चार लोकांत. तर म्हणला, तिचं ती येईल."

मी पिशवीतून माफीचं पत्रक काढून दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि नेहमीसारखं ओठ हलवत वरपासून खालपर्यंत वाचलं. त्यात लिहिलं होतं की तपासाअंती असे निदर्शनास आले आहे, की संबंधित कारागिराचा दोष नव्हता, समितीस खेद वाटतो. खाली समितीचं नाव.

"समितीला हात असत्यात व्हय?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. गाडीत बिघाड कुठे आहे ते विचारावं तसं विचारलं. "तार कुणाच्या हातानं बांदली? हितं तर वायर अजून गरमच लागती, अव्वा." आणि त्या कागदावर त्यांनी खरोखर उलटा हात ठेवला. "परत सोड. नीट करून आण."

मी आणते म्हणाले. त्याच रात्री लिहिलंही. चार ओळी, माझ्या नावाने. समितीत दाखवलं तर सगळे म्हणाले, छाटीची बोलणी चालू आहेत, ठेकेदार अर्ध्यावर आलाय, आत्ता हे बाहेर काढलं तर सगळं फिसकटेल. आठ दिवस थांब. मी थांबले. पुन्हा उत्तम कारण मिळालं होतं. आठाचे पंधरा झाले. सोळाव्या दिवशी सकाळी गौरव्वाचा फोन आला. मी पोचेपर्यंत माती होऊन गेली होती.

अंगणात तिच्या नवऱ्याची दुधाची पिकअप उभी होती. हौद्यात केबिनला टेकून दुसरी बॅटरी, पट्ट्याने आवळलेली. दुधाच्या टाकीतला पंप तिच्यावर चालायचा. गौरव्वा म्हणाली, हे त्यांचं शेवटचं काम, खाटेवरनं सांगत सांगत केलं. मी डबा उघडला. अक्षर कापरं झालं होतं, पण सगळं जागेवर होतं. तारीख, फ्यूज, 'केले : सिद्राम'. खाली एक ओळ रिकामी.

गौरव्वा माझ्या मागे उभी होती. मी झाकण लावलं तेव्हा म्हणाली, "तुमचा कागद आणलासा काय?" मी आणला होता. तिने तो घेतला नाही. म्हणाली, "मला नगो. तिकडं लावा, जितं पहिला लावला हुतासा."

आज सकाळी ते चार ओळींचं पत्रक मी सात रस्त्याजवळच्या बंद फळकुटावर स्वतःच्या हाताने लावलं. जे तिथवर येणार नाहीत त्यांच्यासाठी हे सगळं लिहिलं. आणि आत्ता, हे लिहून होताना, अण्णांनी जपायला दिलेला डबा माझ्यासमोर उघडा आहे. चिठ्ठी पिवळी पडली आहे. त्यांच्या नावाखालची ओळ अजून रिकामी होती. ती मी भरली आहे :

फ्यूज काढून तार बांधली : शारदा.